वरचा थर

माझ्या साडूचा मुलगा त्या रात्री उठला, तो फक्त एक झाकण नीट लागलंय का ते बघायला. जुलैतला शेवटचा शुक्रवार होता, पावणेबारा वाजले होते. हसू नका रे, आधी ऐका. भूत म्हटलं की तुम्हाला विहीर आणि पांढरी साडी आठवते. इथे तसलं काही नाही. इथे कस्टर्ड आहे.

त्याला घरात सगळे 'साबण' म्हणायचे. दिवसातून पन्नास वेळा हात धुणार, सख्ख्या आईच्या ताटातला घास उष्टा म्हणून खाणार नाही. बायको म्हणायची, "ह्यांना कपावर ओठांचा डाग दिसला ना, तर हे कप नाही, घर बदलतील." उष्टं खायचा तो एकीचंच. चार वर्षांच्या लेकीनं चोखून ओलं केलेलं बिस्किट तिनं तोंडाशी धरलं की हा पठ्ठ्या डोळे मिटून गिळायचा.

हाताला चव मात्र होती. त्या जोरावर परदेशात, मुलांच्या उन्हाळी शिबिरात स्वयंपाक शिकवायची नोकरी लागली. तळ्याकाठी लाकडी खोल्या, मोठं स्वयंपाकघर, आठ ते बारा वर्षांची चोवीस मुलं. पोरं पिठात शिंकायची, बोटं चाटून तीच भांड्यात घालायची. हा दर वेळी जाऊन हात धुऊन यायचा. तरी हसत शिकवायचा, कारण लेकीला पाच महिने फक्त फोनवर पाहिलं होतं, आणि शिबिराच्या मुख्य बाईंनी शब्द दिला होता, "शेवटच्या शनिवारी पालक मुलांच्या हातचं जेवून खूश गेले की तुझी नोकरी कायम. सोमवारी तुझ्या बायको-मुलीच्या व्हिसाचे कागद पाठवते."

भांडी घासायला एक म्हाताऱ्या आजी होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "रात्री एखादं भांडं उघडं राहिलं, तर त्यातलं कोणाला वाढायचं नाही बाबा. मागच्या पायरीवर ठेवून द्यायचं. दुपारपर्यंत रिकामं होतं." साबणला वाटलं, चला, आपल्यासारखंच कोणीतरी भेटलं. त्यानं पुढे विचारलंच नाही.

तर तो शुक्रवार. मुलांनी दोन दिवस खपून मोठ्ठं पातेलं भरून कस्टर्ड केलं होतं. ते शीतखोलीत, म्हणजे फ्रिजसारख्या थंड खोलीत ठेवलेलं. खोलीला कुलूप, किल्ली ह्याच्या खिशात. अंथरुणात पडल्यावर त्याला आठवेना, झाकण घट्ट बसवलं होतं का. म्हणून उठला.

स्वयंपाकघरातला दिवा आपोआप लागायचा. माणूस हलला की लागणार, अर्धा मिनिट हालचाल थांबली की विझणार. ह्यानं पाऊल टाकलं, दिवा लागला. कुलूप जसंच्या तसं होतं. उघडलं.

झाकण जमिनीवर.

कस्टर्डवर साय धरली होती ना, ती अर्धी गायब होती. आणि उरलेल्या अर्ध्यावर पट्टे. एकाला एक लागून, आखल्यासारखे. चमच्याचे नव्हते, बोटांचेही नव्हते. पातेल्याच्या काठावरून एक चिकट तार लोंबत होती... लाळेची.

तोंडावर हात दाबून तो बाहेर पळाला. कोण घुसलं असेल? कुलूप तर बंद होतं. मग आजींचं बोलणं आठवलं. पातेलं पायरीवर ठेवायचं... आणि उद्या वाढायचं काय? दूध संपलेलं, मालाची गाडी सोमवारी येणार. डोळ्यांपुढे लेक उभी राहिली. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते काही खोटं नाही.

पातेलं त्यानं बाहेर ओट्यावर आणलं. पळी घेतली. "वरचा थर काढला की झालं. खालचं चांगलंच आहे." असं स्वतःशीच म्हणत दोन बोटं थर उपसला, बेसिनमध्ये टाकला. थोडा डाव्या हातावर सांडला. गार, बुळबुळीत, आंबूस वास. मग वरून पळी फिरवून सगळं गुळगुळीत केलं, झाकण दाबून बसवलं आणि बेसिनचा काठ धरून उभा राहिला. हात धुवायचंही सुचलं नाही.

उभा राहिला... हलला नाही.

दिवा विझला.

बेसिनमधून आवाज आला.

चप्.

... चप्. चप्.

काहीतरी हलत होतं. तरी दिवा लागत नव्हता.

मग आवाज थांबला.

आणि त्याच्या डाव्या हाताला जीभ लागली.

लहानशी. गार. खरखरीत. करंगळीपासून सुरू झाली. बोटांच्या बेचक्यांत गेली... सावकाश... एकेका बेचक्यात. मग तळहात. मग मनगट.

तो हलला नाही. हलला असता तर दिवा लागला असता. दिवा लागला असता तर दिसलं असतं.

किती वेळ उभा होता, त्याला सांगता येत नाही. उजाडल्यावर नळाखाली हात धरला, तो रक्त येईपर्यंत घासला.

आणि दुपारी कस्टर्ड वाढलं. हो, वाढलं! साबणानं! पालकांनी मागून मागून खाल्लं, पोरांनी वाट्या चाटल्या. कोणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. मुख्य बाईंनी पाठ थोपटली.

एकट्या आजींनी खाल्लं नाही. रिकामं पातेलं घासायला घेताना विचारलं, "हे रात्री उघडं होतं ना?"

"नाही आजी, झाकलेलं होतं."

त्यांनी त्याचा सोललेला हात धरून बघितला. "त्याच्या वाटणीचं होतं ते. आता त्याला काय देशील?"

सप्टेंबरात बायको आणि लेक पोहोचल्या. तिसऱ्याच आठवड्यात तिघंही परत आली. नोकरी का सोडली, ते नवरा-बायकोनं कोणालाच सांगितलं नाही. ती शुक्रवारची हकिगत त्यानं मला सांगितली, तीसुद्धा खूप उशिरा.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे राहिलो होतो. पोर आता नववीत आहे. पहाटे साडेपाचला पाणी प्यायला बाहेर आली. डाव्या बाजूचे सगळे केस कपाळापासून मानेपर्यंत ओले, डोक्याला चपट चिकटलेले. एकाला एक लागून पट्टे.

मी म्हटलं, "एवढ्या पहाटे न्हालीस?"

"नाही हो आजोबा, माझं रोज सकाळी असंच असतं." म्हणाली आणि जांभई दिली.

तिची आई टॉवेल घेऊन दारातच उभी होती. माझ्याकडे बघेना.

मी उठून पोरीच्या खोलीत गेलो. घाम असेल म्हणून उशीवर हात फिरवला.

उशी कोरडी ठणठणीत होती.