दोघींचं गाठोडं

लोकांना घाम गाळताना बघत बसायचा मी पगार घेते, असं माझी बहीण म्हणते. म्हणू दे. कोण किती उचलतं, किती वेळा वाकतं, नाडी किती पळते हे मी मोजते आणि शेवटी सांगते, की हे काम या माणसाला झेपतं की नाही.

त्या मंगळवारी इस्पितळाच्या लाँड्रीत अक्काला मोजायचं होतं. वय अठ्ठावन्न. चादरीत भरलेलं ओल्या कपड्यांचं चोवीस किलोचं गाठोडं मशीनपासून उचलून समोरच्या ड्रायरपाशी ठेवायचं, दिवसातून ऐंशी वेळा. पूर्वी या कामावर दोघी होत्या. अक्काची जोडीदारीण दोन वर्षांपूर्वी वारली आणि तिची जागा कुणी भरलीच नाही. आमच्या तक्त्याप्रमाणे या वयाला एकटीनं उचलायची मर्यादा पंधरा किलो. म्हणजे मी सही केली की अक्का घरी. घरात अंथरुणाला खिळलेला नवरा, आणि कमावणारी ही एकटी.

पण काय काम होतं तिचं, वा! ना कण्हणं, ना हिसका. गुडघ्यात वाकायची, चादरीची दोन टोकं धरायची, की गाठोडं उठलंच. तरण्याताठ्यांनी येऊन शिकावं. छातीला बांधलेल्या पट्ट्यावर नाडी अडुसष्टच्या पुढे जाईना. पट्टा बिघडला असेल म्हणून मी दुसरा बांधला. तोही तेच सांगू लागला.

मग तिला वजनाच्या फळीवर उभं केलं. अक्का अठ्ठेचाळीस किलोची. गाठोडं उचलल्यावर फळीनं बहात्तर दाखवायला हवेत. तिनं साठ दाखवले. पुन्हा उचलायला लावलं, तरी साठ. दहा वेळा साठ. बारा किलो गेले कुठं?

तेव्हा कुठं माझं लक्ष चादरीच्या पलीकडच्या दोन टोकांकडे गेलं. ती खाली लोंबायला हवी होती. ती ताणलेली होती.

"अक्का, हे कसं जमतं हो तुम्हाला?"

"एकटीला कुठं जमतंय, मॅडम? जोडीदारीण आहे ना." तिनं हनुवटीनं समोर दाखवलं. समोर ओली फरशी होती.

शहाण्या बाईनं सामान आवरलं असतं. मी दुसरी फळी आणली आणि त्या फरशीवर सरकवली. आकडा शून्य होता.

अक्का वाकली.

त्रेपन्न.

टोकं ताणली गेली. पासष्ट.

तो आकडा स्थिर नव्हता. धाप लागलेलं माणूस फळीवर उभं राहिलं की जसा हलतो, तसा हलत होता.

"काय हो मॅडम," अक्का चिडून म्हणाली, "तिला न विचारताच मोजलंत?"

खरं होतं तिचं. संमतीपत्रावर सही घेतल्याशिवाय आम्ही कुणालाही मोजत नाही. बारा वर्षांत मी ही चूक कधी केली नव्हती.

"चुकलं माझं," मी म्हणाले. कुणाला म्हणाले, ते विचारू नका. एक कोरं संमतीपत्र त्या फळीवर ठेवलं, दाराला कुलूप लावलं आणि अक्काला घेऊन चहाला गेले.

परत आलो, तर कागदावर अंगठा उमटला होता.

अहवालात मी लिहिलं: कामगार दोन, प्रत्येकी बारा किलो, काम झेपतं. लाँड्रीत कधी पाऊल न टाकणाऱ्या साहेबांनी सही आणि अंगठा बघून शिक्का मारला. अक्का अजून कामावर आहे, आणि इतक्या वर्षांत इतकं सुरेख काम मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. दुसऱ्या कुणा दोघींचं, असं म्हणायला हवं.

ते संमतीपत्र माझ्या कपाटात आहे. तीन वर्षं झाली. त्याच्या खालचे कागद मला दर आठवड्याला बदलावे लागतात. ते ओले होतात.