इथे स्टेशन नाही

आत्याच्या घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान, कारखाना आणि दरबार, सगळं एकच. तिसऱ्या मजल्यावर, इमारतीच्या अगदी कोपऱ्यात. मधोमध कापड बेतायचं लांब टेबल, एका भिंतीला पायानं चालवायचं शिलाई मशीन, समोरच्या भिंतीत मोठी खिडकी आणि तिच्याबाहेर जेमतेम एक माणूस वळेल एवढी गॅलरी. शाळांचे गणवेश शिवणं हा तिचा धंदा. त्यामुळे वर्षभर खोलीत निळ्या नाहीतर राखाडी कापडाचे गठ्ठे असायचे आणि फरशीवर टाचण्या. त्या टाचण्या चुकवतच मी मोठी झाले. आई गेली तेव्हा मला नीट चालताही येत नव्हतं आणि बाबांची नोकरी फिरतीची. आत्याने मला कडेवर घेतलं आणि खाली ठेवलं ते थेट इंजिनिअर झाल्यावर, असं ती चारचौघांत सांगते.

शहरात उंच खांबांवरून धावणारी मेट्रो करायचं ठरलं आणि मी तिच्या आखणी विभागात लागले. मोठा रस्ता आत्याच्या इमारतीपाशी वळतो. तेच वळण नेमकं माझ्या वाट्याला आलं. रूळ तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर येणार होते. गॅलरीपासून गाडीपर्यंतचं अंतर नियमात बसत होतं, पण ऐसपैस म्हणावं असं नव्हतं. मी ते आत्याच्या कानावर आधीच घातलं.

"म्हणजे माझ्या पातेल्यात काय शिजतंय ते गाडीभर माणसांना दिसणार," ती म्हणाली. मग ओठांत धरलेली टाचणी काढून कापडाला लावली. "दिसू दे. त्यांनी त्यांच्या वाटेनं जावं. मी माझ्या घरात आहे."

काम रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला सुरू झालं. वळणापाशी अजून पत्र्याचे अडसर तेवढे उभे होते. खांबासाठी एक खड्डाही पडला नव्हता. अशात एकदा आत्याचा मला ऑफिसात फोन आला. तुमची गाडी सुरू झाली का, असं तिनं विचारलं. मला वाटलं, चिडवतेय. मी म्हटलं, अजून खांब नाहीत, गाडी काय हवेतून जाईल? ती म्हणाली, मग सुट्टीच्या दिवशी दुपारी ये आणि बघ.

मी गेले. दुपार कलली होती, खिडकीतून ऊन आत आलं होतं. आत्या कात्री चालवत होती. कात्रीचा आवाज एकदम थांबला आणि तिनं नुसती हनुवटी वर करून भिंतीकडे खूण केली.

मशीनच्या मागच्या भिंतीवर एक फिकट राखाडी पट्टा आला होता. डावीकडून उजवीकडे, संथ सरकत. त्यात चौकोन होते, उजळ, एकासारखे एक. चौकोनांत डोकी होती. एक बाई केस बांधत होती, तिची कोपरं वर गेली आणि खाली आली. कुणीतरी वरच्या कडीला धरून उभं होतं. टेबलावरच्या टाचण्या डबीत बारीक किणकिणत होत्या. पट्टा संपला, भिंत पुन्हा पिवळी झाली, टाचण्या गप्प झाल्या.

मी गॅलरीत धावले. समोर रिकामं आकाश. खाली पत्रे, एक पाण्याचा टँकर आणि सावलीला झोपलेलं कुत्रं.

माझा स्वभाव असल्या गोष्टींना लगेच शरण जाणारा नाही. मी टँकरच्या काचेवर संशय घेतला, समोरच्या इमारतीच्या खिडक्यांवर घेतला, स्वतःच्या डोळ्यांवरही घेतला. पुढच्या सुट्टीला मी आमच्या सर्वेक्षकाला सोबत नेलं. त्याला ऑफिसात सगळे शंकासुर म्हणत. दोन आणि दोन चार होतात हेसुद्धा तो दोनदा मोजून मान्य करायचा. त्याला मी काही सांगितलं नाही, फक्त भिंतीकडे बघ म्हटलं.

त्यानं पहिल्यांदा बघितलं आणि हसला. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या झडपा बंद करून घेतल्या, फटींना काळं कापड लावलं. खोलीत अंधार झाला. ठरल्या सुमाराला टाचण्या किणकिणल्या आणि भिंतीवर तो पट्टा आला, आधीसारखाच, आतून उजळलेला. आत्या टेबलाशी उभी होती. तिच्या कपाळावरची बट उडाली आणि खाली बसली.

"मागे बघ," शंकासुर हळूच म्हणाला.

मी वळले. बंद झडपांच्या आतल्या बाजूवरही तोच पट्टा सरकत होता. तीच डोकी, उलट बाजूनं दिसणारी.

त्यानं टेप काढली, दोन्हीकडच्या सावल्यांची उंची खडूनं खुणावली, खोलीची रुंदी घेतली, भिंतीवरच आकडे मांडले. मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. गणित साधं होतं. जे काही जात होतं ते बाहेरून जात नव्हतं. ते भिंत आणि खिडकी यांच्या मधून, कापड बेतायच्या टेबलावरून जात होतं.

"फिटली माझी शंका," तो म्हणाला. टेप गुंडाळली, आत्याचा चहा न घेता निघाला आणि त्यानंतर त्या इमारतीची पायरी चढला नाही. वळणाची मापं घ्यायची वेळ आली की तो दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचा.

मी आत्याला म्हटलं, काही दिवस माझ्याकडे राहायला चल. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला भीक मागायला सांगितलं होतं. माझ्या घरातून जायचं तर निदान विचारून तरी जायचं, हे तिनं शेजारच्या बाईची चूक सांगावी तितक्या सहज सांगितलं. ती भीत नव्हती असं नाही. त्या दिवसानंतर ती दुपारी टेबलाच्या जरा बाजूला उभी राहून कापड बेतायला लागली. पण बेतायला तिथेच लागली.

पावसाळा संपल्यावर वळणावर खांबाचं खोदकाम सुरू झालं आणि दोन-तीन दिवसांतच थांबलं. रस्त्याखाली दगडी बांधणीचा जुना नाला निघाला होता. माणूस ताठ उभा राहून चालत जाईल एवढा, वाहता, आणि कुठल्याही नकाशात नसलेला. खांब नेमका त्याच्या पाठीवर येत होता. साहेबांनी, म्हणजे आमच्या मुख्य अभियंत्यांनी, सगळ्यांना बोलावलं आणि पडद्यावर वळणाची नवीन आखणी दाखवली. नाला टाळण्यासाठी रूळ एका अंगाला सरकवायचे होते. एक जुनी इमारत पाडावी लागेल, बाकी काही नाही, ते म्हणाले.

नवी रेषा तांबडी होती. मी उठून पडद्याजवळ गेले. इमारतीचा आराखडा फिकट रंगात खाली दिसत होता. तिसरा मजला, कोपऱ्याची खोली, तिच्या दोन भिंती. रेषा बरोबर टेबलावरून जात होती. शंकासुर मागच्या खुर्चीत बसला होता. त्यानं मान खाली घातली.

सावलीबद्दल मी कुणाला चकार शब्द बोलले नव्हते. साहेबांना तर नाहीच. पण त्या क्षणी माझ्या मनात भीती आली नाही, राग आला. इतके महिने कुणीतरी आत्याच्या घरातून हे सगळं ठरल्यासारखं जात-येत होतं. तिचा होकार नाही, माझा होकार नाही, कागदावर रेघसुद्धा नाही, आणि तरी गाडी सुरू.

मी म्हटलं, दुसरा मार्ग काढते. साहेब तसे वाईट माणूस नव्हते. त्यांना माझं नातं ठाऊक होतं.

"मॅडम, जीव गुंतला म्हणून रूळ वाकत नाहीत," ते म्हणाले.

"रूळ जिथे होते तिथेच राहतील, सर. मी खांब वाकवते."

नाल्याच्या पाठीवर खांब नको, तर नाल्याच्या दोन्ही अंगांना दोन पाय उभे करायचे, दोन फुटपाथांवर, आणि वरून आडवी तुळई टाकून तिच्यावर रूळ न्यायचे. दारावर चौकट असते तसं. काम किचकट होतं, वेळखाऊ होतं, आणि ते उभं राहणार नाही असं सांगणारे पुष्कळ होते. पुढचे कित्येक आठवडे मी खाल्लेलं अंगी लागलं नाही. मांडणी केली, मोडली, पुन्हा केली. बाहेरच्या तपासनीसांनी दोनदा परत पाठवली. तिसऱ्यांदा त्यांना परत पाठवायला कारण उरलं नाही.

इकडे आत्या आपल्या परीनं उभी होती. पाडायच्या भिंतींवर खुणा करायला रंगाचा डबा घेऊन माणसं आली, तेव्हा ती जिन्यात खुर्ची टाकून बसली आणि मांडीवर शर्टाची कॉलर घेऊन काजं करू लागली. हळूहळू वरचे खालचे शेजारीही आपापल्या खुर्च्या घेऊन आले. जिना भरला. माणसांनी साहेबांना फोन लावला, साहेब स्वतः आले. त्यांनी समजावलं, शहराच्या भल्याचं सांगितलं, गाडीला वळायला जागा लागते हेही सांगितलं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. दातानं दोरा तोडला.

"वळायचंय ना तुम्हाला? मग वळा की. मी कुठे वळतेय?"

साहेब खाली उतरले ते हसू दाबतच. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या चौकटीवर सही केली.

पाय उभे राहिले. तुळई बसली. जुन्या रेषेवर, इमारतीच्या बाहेर, होता तेवढ्याच अंतरावर गाडीचा रस्ता पक्का झाला. रुळांखालचा शेवटचा गर्डर चढवला त्या दिवशी मी दुपारी आत्याकडे गेले. आम्ही जिंकलो होतो. मला तिच्यासोबत चहा प्यायचा होता.

कप भरले आणि टाचण्या किणकिणल्या.

पट्टा आला. नेहमीपेक्षा गडद. खोलीच्या मध्यावर येऊन त्याचा वेग कमी झाला.

मग तो थांबला.

इतक्या दिवसांत तो कधी थांबला नव्हता. खोलीत तापलेल्या लोखंडाचा वास आला. भिंतीवरच्या सगळ्या डोक्यांनी एकदम एका बाजूला वळावं तशी हालचाल झाली. आता एकाच्याही सावलीत पुढे आलेलं नाक दिसत नव्हतं, दोन्ही बाजूंना कान तेवढे दिसत होते. ती सगळी आमच्याकडे बघत होती.

दारं सरकली. भिंतीवर उजेडाचे उभे चौकोन पडले.

त्या चौकोनांत माणसं येऊन उभी राहिली. एकामागे एक. खांद्याला पिशव्या. उतरायला निघालेली माणसं उभी राहतात तशी.

मला हलता येईना.

आत्यानं कात्री टेबलावर ठेवली. गळ्यातली टेप सरळ केली. आणि ती टेबलाच्या बाजूनं निघून नेमकी त्या जागी गेली जिथे इतके महिने ती उभी राहायचं टाळत होती.

"इथे स्टेशन नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "हे माझं घर आहे. पुढे व्हा."

कुणी हललं नाही.

"पुढे व्हा म्हणते ना."

टाचण्यांची डबी टेबलाच्या कडेवरून खाली पडली. दारं मिटली. पट्टा सरकला, लांबत गेला, विरला.

आत्या येऊन मशीनवर बसली. तिनं सुईत दोरा ओवायला घेतला. तो काही केल्या जाईना. मी तिच्या हातातून दोरा घेतला आणि ओवून दिला. मग मी खाली बसून टाचण्या वेचल्या. चहा निवून गेला होता, तसाच प्यायलो.

त्यानंतर भिंतीवर काही आलं नाही. मी मुद्दाम विचारायची आणि आत्या नाही म्हणायची. मी चार-सहा वेळा दुपारची जाऊनही बसले. भिंत पिवळीच राहिली.

मेट्रो सुरू झाली. गाजावाजा, गर्दी सगळं ओसरल्यावर, एका कामाच्या दिवशी मी पहिल्यांदा साधी प्रवासी म्हणून तिकीट काढून बसले. दुपारची वेळ, डबा अर्धा भरलेला. समोर एक म्हातारं जोडपं डोळ्यांच्या दवाखान्याबद्दल बोलत होतं. शेजारची मुलगी मोबाइलवर काहीतरी बघून हसत होती. गाडी माझ्या वळणावर आली. धक्का नाही, करकर नाही. मला स्वतःचाच अभिमान वाटला. डावीकडे आत्याची इमारत दिसू लागली. आत्या गॅलरीत उभी होती. मी हात हलवला. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. कमरेवर हात ठेवून ती संपूर्ण गाडीकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. काचेतून काही ऐकू येत नव्हतं.

डब्यात बोलणं थांबलं होतं.

म्हातारं जोडपं उठलं होतं. मोबाइलवाली मुलगी उठली होती. सगळाच डबा उठून डाव्या दारांशी गोळा झाला होता, तोंडं इमारतीकडे. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. पुढचं स्टेशन अजून बरंच लांब होतं.

इमारत मागे गेली. माणसं आपापल्या जागी परतली. म्हाताऱ्यानं दवाखान्याचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं, मुलगी पुन्हा हसली. कुणालाच काही झाल्यासारखं वाटत नव्हतं.

मीही परत बसायला वळले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी पर्स खांद्यावर आहे, आणि दाराशी सगळ्यांत पुढे मीच उभी होते.