फूटपाथकडचं मागचं चाक

गाडी शिकवणाऱ्या माणसाला गाडी लावता येऊ नये, याला काय म्हणायचं? पोहायला शिकवणाऱ्यानं गुडघाभर पाण्यात गटांगळ्या खाव्यात, तसलाच हा प्रकार.

काकूंच्या दुकानासमोरचा रस्ता चांगला ऐसपैस. फूटपाथ सरळ, कड कुठं वाकडी नाही की पुढं आलेली नाही. तिथं भलेमोठे टेम्पो मुकाट्यानं उभे राहतात. आणि हा मास्तर! गावातल्या निम्म्या पोरापोरींच्या हातात यानं स्टिअरिंग दिलं म्हणे. पण काकूंच्या दारात आला की... खर्रर्र! मागचं चाक कडेला घासलंच म्हणून समजा. तो आवाज काकूंच्या थेट दाढेत जायचा.

बरं, शिकवायच्या त्या खटाऱ्याचं चाक असतं तर कुणी विचारलंही नसतं. पण ही त्याची स्वतःची, हौसेची गाडी. रिंगा ऑर्डर देऊन घडवून घेतलेल्या. मधाच्या रंगाच्या, बारीक काड्यांच्या, नुसतं बघत राहावं अशा. अशा रिंगेवर ओरखडा म्हणजे नव्या नवरीच्या गालावर बोचकारा!

काकूंचं दुकान चाकांचंच. घासलेल्या रिंगा भरून, घासून, रंगवून द्यायच्या. हवा गळत असेल तर गळती शोधायची. काकू शाळेत फारशा टिकल्या नाहीत, पण रिंगेवरून बोट फिरवलं की ती कुठं वाकलीय ते सांगायच्या. दारावरच्या पाटीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं – ‘इथून गेलेलं चाक तक्रार घेऊन परत येत नाही.’ या पाटीपायी काकूंनी कितीतरी माणसं तोडली होती, पण पाटी खोटी पडू दिली नव्हती.

आणि दुकानात दुसरे हात होते पुतणीचे. धाकट्या दिराची मुलगी. एवढीशी होती तेव्हापासून काकूंच्याच पदराला धरून वाढलेली. काकूंना मूल नाही. पण ते कुणी बोलून दाखवायची सोय नव्हती. पोरीचा हात असा, की तिनं भरलेली रिंग कुठं घासली होती ते खुद्द मालकाला सापडू नये.

पहिल्या वेळी चूक मास्तरची नव्हती. हे काकूंना मान्य आहे... मनातल्या मनात.

त्या दिवशी पुतणी एक टायर बाहेर काढत होती. डोक्याला फडकं, नाकावर पांढरी भुकटी. हातातून निसटलं ते टायर, आणि निघालं आपलं गडगडत रस्त्याकडे. समोरून मास्तरची गाडी. त्यानं टायरला वाचवलं, तिलाही वाचवलं, आणि स्वतःचं मागचं चाक दिलं फूटपाथच्या कडेवर!

तो खाली उतरला. ती धावत आली.

“लागलं का हो?”

“मला नाही.” तो चाकाजवळ उकिडवा बसला. “हिला लागलं.”

तिनं अंगठा ओरखड्यावरून हळूच फिरवला. “खरचटलंय नुसतं. मोडलं नाही काही. होईल बरी.”

“डाग राहील?”

“आमच्या हातून गेलेल्या रिंगेवर डाग राहत नाही.”

“आणि... दुखेल का फार?”

“कुणाला? तिला, की तुम्हाला?”

तो हसला. काकूंनी काचेआडून पाहिलं – हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडते. काकूंना असली अर्धवट कामं आवडत नाहीत. पण पोरीनं नाकावरची भुकटी पुसली, आणि पुसता पुसता जास्तच पसरवली. ही पोर कधी आरशातही बघत नव्हती! काकूंच्या कपाळाला तेव्हाच आठी पडली.

चाक दुकानात राहिलं. खरं तर एका दिवसाचं काम. ओरखडा घासायचा, खड्डा भरायचा, बारीक पॉलिश पेपर मारून सारखा करायचा आणि रंगाचे पातळ हात द्यायचे. पण हे चाक काही हातावेगळं होईना.

“झालं का गं ते?”

“रंग बसतोय, काकू.”

“अजून? रंग बसतोय, की कोंबडी अंड्यावर बसलीय?”

मास्तर रोज यायचा. दारातूनच विचारायचा, “कशी आहे आमची पेशंट?”

“विश्रांती घेतेय. भेटायची वेळ संपली.”

“लांबून बघितलं तर चालेल?”

“बघा की... चाकाला.”

मग तो चाकाकडे बघायचा. निदान सुरुवात तरी चाकापासून करायचा.

शेवटी काकूंनीच डोळे वटारले तेव्हा रिंगेवर टायर चढलं, हवा भरली गेली, आणि गाडी गेली. पुतणी दारात उभी राहून रस्त्याकडे पाहत होती. गाडी कधीच दिसेनाशी झाली होती.

पण काही दिवसांतच – खर्रर्र! मास्तर हजर. त्याच चाकाची हवा कमी होतेय म्हणाला. पुतणीनं साबणाचं पाणी लावून पाहिलं, हवा भरायची नळी बदलली. गळती काही सापडेना. गाडी गेली. पुन्हा आली, पुन्हा घासत. पुन्हा तेच, हवा कमी.

आणि त्या दिवशी पलीकडचा बॅटरीवाला, ज्याचं तोंड त्याच्या बॅटऱ्यांपेक्षा जास्त चालतं, पाटीकडे बघून म्हणाला, “काय काकू, गेलेलं चाक भेटायला आलं वाटतं?”

बस्स! काकू खुर्चीतून उठल्या.

“मास्तर, जरा इकडे या.”

तो आला.

“मी केस उन्हात बसून पांढरे केलेले नाहीत. त्या नळीतली पिन दाबायची, फुस्स करून हवा सोडायची, आणि यायचं आमच्या दारात गालाला खळी पाडत. आमच्या पाटीला काळं फासताय तुम्ही, कळतंय का?”

मास्तरचं तोंड कानापर्यंत लाल झालं. “काकू, हवा मी सोडलेली नाही.”

“मग कुणी? वाऱ्यानं?”

“ते मला माहीत नाही. पण मी खोटं बोलत नाही.”

“म्हणजे आमच्या पोरीचं काम खोटं?”

त्यानं पुतणीकडे पाहिलं आणि गप्प झाला. हो म्हणावं तर तिचा हात वाईट ठरतो. नाही म्हणावं तर तो स्वतः लबाड ठरतो. गप्प राहिला बिचारा, आणि गप्प राहिल्यामुळे काकूंना जास्तच लबाड वाटला.

पुतणीनं हातातलं फडकं पिळून पिळून त्याची दोरी केली होती. मग तिनं ते बाजूला टाकलं.

“पाण्यात घालू या चाक,” ती म्हणाली. “तुमच्या दोघांच्या समोर.”

चाक निघालं. मागच्या अंगाला सिमेंटची उथळ टाकी होती, तीत ते आडवं बुडवलं, वर दगड ठेवले. तिघं काठावर उभी. पाणी संथ झालं. त्यात वरच्या झरोक्याचा उजेड पडला, आणि मधाच्या रंगाची ती रिंग पाण्याखाली अशी काही झळकायला लागली की काकूंनासुद्धा क्षणभर वाटलं, नवे ओरखडे सोडले, तर कामाला तोड नाही!

बुडबुडा एकही नाही.

काकूंचा चहा निवला. तरी नाही. काकूंनी पोरीकडे तिरक्या नजरेनं पाहिलं. आपला हात साफ निघाला म्हणून हिची मान ताठ व्हायला हवी होती. पण पोरीचा चेहरा उतरत चालला होता. ती पाण्याकडे अशी बघत होती, जणू मागणं मागतेय... ये ना रे... एक तरी ये!

काकूंनी कप खाली ठेवला. म्हणजे इतकं पुढं गेलंय तर हे!

पण तोंडानं त्या म्हणाल्या, “झालं समाधान? पाण्याला कुणाची भीड नसते, मास्तर.”

मास्तरनं खिशातून किल्ली काढली, परत ठेवली. गाडीला चाकच नव्हतं, किल्लीचं करायचं काय?

“चाक राहू दे,” तो हळू आवाजात म्हणाला. “मी... कुणाला तरी पाठवीन न्यायला. मी पुन्हा येणार नाही.” बोलला काकूंशी, पण बघत होता पोरीकडे. “फक्त एवढंच, की हवा मी सोडली नव्हती.”

तो वळला. दारापर्यंत पोचलासुद्धा.

“थांबा!”

पुतणी टाकीवर वाकली होती. “काकू, असं मोकळं ठेवलं तर नाही गळणार ते. गाडीचं वजन पडलं, वळणावर टायर दबलं, की मग गळत असेल. या दगडांचं वजन ते कितीसं?”

काकू काही बोलायच्या आत पोर दगड बाजूला सारून, बुटांसकट, टाकीत उतरली! एक पाय टायरवर ठेवून तिनं अंगाचा सगळा भार टाकला. शेवाळलेला तळ, बूट सरकला, आणि मास्तर दारातून कसा धावला ते काकूंना कळलंही नाही. त्यानं हात पुढं केला. तिनं तो धरला. घट्ट.

“सोडू नकोस,” ती म्हणाली.

“नाही सोडणार.”

तिनं पुन्हा भार टाकला. आणि टायरच्या कडेपाशी, रिंगेला लागून, मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला... थांबला... सुटला. मग दुसरा. मग बारीक मण्यांची माळच वर यायला लागली.

“आला!” पोर ओरडली. “काकू, बघ, आला! माझीच चूक आहे! माझीच!”

स्वतःची चूक सापडल्यावर एवढं हसणारं माणूस काकूंनी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि मास्तर! तो बुडबुड्यांकडे कुठं बघत होता?

चाक बाहेर काढून टायर उतरवलं. टायरची कड रिंगेला जिथं धरून बसते, तिथं काकूंनी नख लावलं. रंग सायीसारखा सुटून आला. थरावर थर.

“किती हात मारलेस गं इथं?”

पोर फडकं शोधायला लागली.

“या जागी एकच हात, तोही पातळ. जाड थर चढला की तो सुटतो आणि मागून हवा पळते. फ्रॉक घालत होतीस तेव्हापासून तुला ठाऊक आहे हे. मग?”

पुतणीनं ओल्या बुटांकडे पाहिलं. “हात थांबेना, काकू.”

“का थांबेना?”

“रंगवून झालं असतं तर... चाक द्यावं लागलं असतं ना.”

मास्तरनं घसा खाकरला.

“मग माझंही ऐकून घ्या. हवा मी सोडली नाही. पण नंतर जे घासलं ना दरवेळी... ते माझंच.”

“मुद्दाम?” काकू गरजल्या.

“मुद्दाम नाही हो! गाडी लावताना बाजूच्या आरशात फूटपाथची कड बघायची, हे मी पोरांना रोज ओरडून सांगतो. पण इथं आलं की त्या आरशात...” तो अडखळला. “आरशात ही दिसते. काम करताना. मग कड कुठली आणि काय कुठलं...”

“आरसा कडेसाठी असतो,” पुतणी म्हणाली. डोळे खाली, पण ओठ काही ऐकत नव्हते.

“माहीत आहे. परीक्षा घेतलीस तर नापास होईन.”

“मग शिकून घे ना.”

“शिकवशील?”

“फार वेळ लागेल... तुझी प्रगती बघता.”

“मला घाई नाही.”

काकू बाहेर आल्या. पदरानं त्यांनी पाटीवरची धूळ उगाचच पुसली. बॅटरीवाला मान उंच करून बघत होता. “काय काकू, निघाली का गळती?”

“निघाली. आमच्याच पोरीच्या हातून झाली होती,” काकू ठणकावून म्हणाल्या. “आणि आम्हीच शोधली. तुझी एखादी बॅटरी कधी परत आली तर तू शोधून दाखव!”

त्याचं तोंड मिटलेलं पाहून त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी पाटीकडे पाहिलं, आत पाहिलं. पोर बुटांतलं पाणी ओतत होती आणि त्या वेड्यानं पुन्हा तिचा हात धरला होता. पाटी पुन्हा रंगवता येते. पोरीचं असं हसू कुठल्या डब्यातून आणायचं होतं?

त्या आत गेल्या आणि मास्तरच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यानं चटकन हात सोडला.

“धर, धर. सोडायला कुणी सांगितलं? आता ऐक नीट. तुला लबाड ठरवलं, तो आरोप मी परत घेतला. एकदाच घेते, पुन्हा घ्यायला लावू नकोस. चाक ही करून देईल, माझ्या डोळ्यांदेखत, आणि त्या जागी रंगाचा एकच हात. उद्या संध्याकाळी आईवडिलांना घेऊन चहाला ये. पण गाडी फक्त कोपऱ्यापर्यंत आणायची. तिथून हिला हाक मार. ही येऊन गाडी लावेल, तू शेजारी बसायचं. मग आरशात बघ, नाहीतर हिच्याकडे बघ. पण माझ्या दारात जन्मभर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, समजलास?”