वसिलाची आठ फुलं

"सुनेनं मारलं मला, केराताई. चांगली धडधाकट असताना मारलं, आणि वर फुलं वाहिली. आठ."

असं म्हणून वसिला केराच्या अंगणातल्या बाकावर धपकन बसली. वय सत्तर, गाल लालबुंद, आवाज असा की नदीपलीकडच्या माणसानं वळून बघावं. तिला मेलेली म्हणायला कुठूनच वाव नव्हता.

केरा डोब्रेव्हा मिरच्या भाजत होती. सप्टेंबरात त्रोयान गावातल्या कुठल्याही अंगणात जा, हाच वास. तिनं चिमट्यानं एक मिरची बाहेर काढून उलटसुलट पाहिली. ही बाई चौथीतून शाळा सुटलेली. पुढे चाळीस वर्षं फळांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून किडकी आलुबुखारं वेचली. मग गावातली माणसंही तशीच वेचू लागली. कोणाचं काही हरवलं, कोणी कोणावर आळ घेतला, की लोक पोलीस चौकीच्या आधी हिच्या अंगणात यायचे.

पोलीसही तिथंच असायचा म्हणा. तिचा दीर मेतोदी, निवृत्त हवालदार. भाऊ गेल्यापासून रोज दुपारी वहिनीकडे कॉफीला यायचा आणि तिच्या शिव्या खाऊन जायचा.

"आठ म्हणजे सम," मेतोदी गंभीरपणे म्हणाला. "जिवंत माणसाला विषम फुलं देतात. सम फुलं मेलेल्याला."

"भावजींना बढती का मिळाली नाही कोण जाणे," केरा म्हणाली. "तू सांग गं वसिला. पहिल्यापासून."

वसिलाचा व्हिडिओंचा चॅनेल होता, भाजीपाल्याच्या बागेवर. टोमॅटो कसे बांधावेत, मिरचीला पाणी कधी द्यावं. वसिला बोलायची, सून नेवेना चित्रण करायची, आणि प्रत्येक व्हिडिओवर दिसणारं चित्र, ज्याला थंबनेल म्हणतात, तेही तीच करायची. तीस हजार माणसं बघत. रविवारी वसिलाला सत्तर वर्षं पूर्ण झाली. त्याचा खास व्हिडिओ सकाळी सातला गेला.

"हे बघा त्याचं थंबनेल. नेवेनानं तासाभरात उतरवलं, पण तोवर अर्ध्या गावानं फोनमध्ये टिपून ठेवलं होतं."

केरानं हात पुसले आणि फोन घेतला. काळसर पार्श्वभूमी. चारी बाजूंनी बारीक दुहेरी रेघ. बरोबर मध्यभागी वसिलाचा गंभीर चेहरा, त्याखाली नाव, त्याखाली ‘७० वर्षं’. तळाशी डावीकडून उजवीकडे लाल कार्नेशनच्या फुलांची ओळ.

गावात कोणी गेलं की दारादारांवर चिकटवतात तो मयताचा कागद, हुबेहूब.

"हा कोपऱ्यात काळा तुकडा कसला?"

"व्हिडिओ किती मिनिटांचा आहे ते," मेतोदीनं सांगितलं. "अकरा मिनिटं. वेबसाईटच लावते, सगळ्यांना लावते. वहिनी, महत्त्वाचं बघा ना, फुलं बघा."

"व्हिडिओ उघडून कोणी बघितला नाही?"

"कोण बघतंय उघडून?" वसिला म्हणाली. "आठ वाजता पाद्री दारात. मागोमाग शेजारचा त्सांको, उकडलेले गहू घेऊन, माझ्या नावानं वाटायला. आणि लोवेचला माझी थोरली बहीण झ्लाता, ऐंशी वर्षांची, चित्र बघून स्टुलावरून पडली. हात मोडला. मी दवाखान्यात गेले तर मला बघून पुन्हा पडायला लागली."

मेतोदीनं कॉफीत तोंड लपवलं.

"मी नेवेनाला सांगितलं, माझ्या घरातून चालती हो. तर ती सरळ बॅगा भरायला लागली. चारच्या बसनं रुसे शहराला चालली आहे माहेरी, नातीला घेऊन."

"मग झालं की तुझ्या मनासारखं. माझ्याकडे कशाला आलीस?"

वसिलाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मुलगा जर्मनीत ट्रक चालवतो. त्याला काय सांगू मी? बारा वर्षं नांदली पोरगी, कधी उलटून बोलली नाही. तुम्ही एकदा बघून सांगा तिनंच केलं म्हणून. मग मला झोप तरी लागेल."

"शनिवारी घरात कोण होतं?"

"कोणी नाही. नात तापली होती, नेवेना तिला घेऊन दिवसभर दवाखान्यात. मी बाजारात, मग चर्चमध्ये. नेवेना संध्याकाळी आली, तेव्हाच बसली असेल ते करत."

"आणि तुझा इलिया?"

"तो होता. तो काय, खिडकीत बसलेला असतो."

केरानं भट्टी बंद केली. दोन वाजले होते.

*

वसिलाचा नवरा इलिया फाटकाशीच बसला होता, द्राक्षाच्या मांडवाखाली. अडतीस वर्षं गावच्या छापखान्यात छपाईचे खिळे जुळवलेला माणूस. त्रोयानमधल्या जुन्या दारांवर पिवळे पडलेले कागद अजून दिसतात, ते सगळे त्याच्या हातचे. गेल्या हिवाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून उजवा हात मंद, आणि शब्द एकेक करून, लांबून चालत आल्यासारखे.

"केरा," तो उठत म्हणाला. "ते... चित्र. मी..."

"तुम्ही बघू नका हो ते चित्र, रक्तदाब वाढेल," वसिला म्हणाली. "ऊन लागतंय, आत चला." आणि कोपराला धरून तिनं त्याला आत नेलं.

केरा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मेतोदीनं घड्याळ पाहिलं.

माडीवर नेवेना मुलीचे कपडे घडी करत होती. डोळे रडून सुजलेले, पण घड्या अगदी नेटक्या.

"पोरी, मी अडाणी," केरा खुर्ची ओढत म्हणाली. "थंबनेल कसं करतात ते सांग मला."

"आत्ता, मावशी?"

"बस चारला आहे. सांग."

"व्हिडिओचं दार असतं ते. दार बघून माणूस आत येतो. चेहरा एका बाजूला घ्यायचा, मोठा, हसरा असला तर उत्तम. शब्द तीन, जास्त नाही. मग चित्र नखाएवढं करून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून बघायचं. तिथून कळलं नाही तर फेकून द्यायचं."

"आणि हे रविवारचं?"

नेवेनाचा हात थांबला. "ते माझ्याच संगणकावरून गेलंय. दुसऱ्या कोणाला बोल लावू नका."

"तू केलंस का?" मेतोदीनं हवालदाराच्या आवाजात विचारलं.

"सांगितलं ना. दुसऱ्या कोणाला बोल लावू नका."

मेतोदी वहिनीकडे वळला. कबुली मिळाली, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"भावजी, तो संगणक उघडा. पोरीची जुनी चित्रं दाखवा मला."

पडदाभर वसिला आली. टोमॅटो घेऊन हसणारी, डावीकडे. भोपळ्यावर रेललेली, डावीकडे. रागानं किडीकडे बघणारी, डावीकडे.

"काम चांगलं आहे," मेतोदी म्हणाला, "पण जागा फार वाया घालवते. प्रत्येक चित्रात खालचा उजवा कोपरा मोकळा. नुसती माती, नाहीतर गवत."

"हं. आता रविवारचं काढा. मोठं करा. फुलं मोजा."

मेतोदीनं बोट लावून मोजली. मग थांबला, पुन्हा मोजली.

"वहिनी, नऊ आहेत."

"फोनवर?"

त्यानं फोन काढून मोजली. "आठ. म्हणजे कोणीतरी नंतर एक फूल उडवलं. बाहेरच्यानं. वहिनी, त्सांको."

तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. इलिया वर आला होता, धापा टाकत. "नेवेना," तो म्हणाला. "मी... सांगतो..."

"बाबा, दुपारची गोळी घेतली का?" नेवेना घाईघाईनं म्हणाली. "चला, मी देते." आणि त्याला हलकेच वळवून खाली घेऊन गेली.

*

त्सांको मागच्या गल्लीत राहायचा. त्याचाही भाजीपाल्याचा चॅनेल होता, बघणारे नऊ हजार. त्याच्या प्रत्येक थंबनेलवर तो स्वतः तोंड वासून उभा असायचा आणि डावीकडून एक लाल बाण येऊन काकडीत घुसायचा.

"मला संशयित धरताय ना?" तो म्हणाला. "धरा. वसिलाच्या चॅनेलचा पासवर्डही मला माहीत आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन मीच दुरुस्त केला."

मेतोदीचे डोळे चमकले.

"पण मी ते चित्र बघून रडलो हो, केरामावशी. मग किलोभर गहू शिजवले, साखर, अक्रोड घालून. आता तिसरा दिवस, तेच खातोय. घ्या की थोडे."

"जिवंत बाईच्या मयताचं मी खात नाही. एक सांग. तुझा बाण नेहमी डावीकडूनच का येतो?"

"सवय. या धंद्यात सगळेच तसं करतात."

केरा उठली. रस्त्यात मेतोदी म्हणाला, "पासवर्ड, मत्सर, संधी. तिन्ही आहेत. अटक करायची झाली तर..."

"भावजी, कारखान्यात किडकं फळ कसं ओळखायचं माहीत आहे? किडकं शोधायचंच नाही. चांगली एकेक ओळखून पुढे जाऊ द्यायची. उरतं ते हातात घ्यायचं."

"मग हातात काय उरलं?"

"पाय उचला. साडेतीन झाले."

*

मांडवाखाली सगळे जमले. बॅगा फाटकाशी ठेवलेल्या. सर्वात मोठ्या बॅगेवर नात पाव खात बसली होती. केरानं कोणाला विचारल्याशिवाय मधली खुर्ची घेतली.

"वसिला, चित्रात फुलं नऊ आहेत."

"आठ आहेत. सगळ्या गावानं मोजली."

"सगळ्या गावानं फोनवर मोजली. भावजींनी संगणकावर मूळ चित्रात मोजली, नऊ भरली. फूल कोणी उडवलं नाही. फोन घे. उजवा कोपरा बघ. अकरा मिनिटं लिहिलेला तो काळा तुकडा बसलाय ना, त्याच्याखाली आहे नववं."

मेतोदीनं फोन नाकाला लावला. काळ्या तुकड्याच्या वर देठाचं हिरवं टोक डोकावत होतं.

"आता ऐका. ज्यानं चित्र केलं, त्यानं मोजून नऊ ठेवली. जिवंत बाईला देतात तशी. म्हणजे वाईट चिंतणारा नाही. त्सांकोला तुला मारायचंच असतं तर त्यानं सरळ आठ ठेवली असती, गहू शिजवायचा खर्च कशाला केला असता? शिवाय त्या कोपऱ्यात काही ठेवायचं नसतं, हे त्सांकोला माहीत आहे. त्याचा बाण त्या बाजूला कधी जात नाही. नेवेनालाही माहीत आहे. भावजी म्हणाले, पोरगी जागा वाया घालवते. वाया नाही घालवत; त्या तुकड्यासाठी सोडते."

"मग तिनं सांगितलं का नाही?" वसिला म्हणाली.

"येते तिथवर. ती म्हणाली चित्र माझ्या संगणकावरून गेलं. मी केलं, असं एकदाही म्हणाली नाही. तिच्या चित्रात चेहरा हसरा आणि बाजूला. यात गंभीर, मधोमध. खाली नाव, नावाखाली वय, आणि सभोवती रेघ. असं कोण जुळवतं? ज्याचा हात अडतीस वर्षं असंच जुळवत आलाय तो. ज्याला फुलांचा नियम माहीत आहे, पण त्या काळ्या तुकड्याचा नाही. शनिवारी घरात कोण होतं म्हणून मी तुला विचारलं. तू म्हणालीस, कोणी नाही."

वसिलानं नवऱ्याकडे पाहिलं. इलिया उभा राहिला.

"वसिला, मी..."

"अहो, तुम्ही बसा, तुम्हाला..."

"वसिला," केरा म्हणाली, "तोंड मीट. सगळ्यांनी मिटा. बस गेली तर गेली."

नात पाव चावायची थांबली.

"डॉक्टर म्हणाले... हाताला काम द्या," इलिया म्हणाला. "नेवेनानं... शिकवलं. उन्हाळाभर. तू बाजारात... गेलीस की." त्यानं श्वास घेतला. वसिलाचे ओठ हलले. केरानं तिच्या मनगटावर हात ठेवला. "वाढदिवसाला... द्यायचं होतं. तू... सुंदर दिसावीस. मला... दुसऱ्या तऱ्हेचं सुंदर... येत नाही." आणि मग, "रविवारपासून... सांगतोय."

मेतोदी नाक पुसायला भिंतीकडे वळला.

वसिलानं फोन हातात घेतला आणि ते चित्र पुष्कळ वेळ पाहिलं. "रेघ सरळ आली आहे," ती शेवटी म्हणाली. "चारी बाजूंनी." इलिया पुन्हा बाकावर टेकला, तशी ती त्याच्याशेजारी बसली. कोपराला धरलं नाही, नुसती बसली.

"मी शनिवारी घरी असते तर नखाएवढं करून बघितलं असतं," नेवेना म्हणाली. तिचा बांध आता फुटला होता. "पोरीचा ताप उतरेना. मी दवाखान्यातून फोनवर बाबांना म्हटलं, तुम्हीच टाका, आणि संध्याकाळी आले ती रात्रभर पोरीच्या उशाशीच. सकाळी बघते तो झ्लातामावशी दवाखान्यात. हे बाबांच्या नावावर गेलं असतं तर त्यांनी पुन्हा त्या कामाला हात लावला नसता. आत्ता कुठं बोटं वळायला लागली होती. माझं काय, मी रुसेला राहिले असते."

"म्हणजे गुन्हेगार कोणीच नाही," मेतोदी जरा निराश होऊन म्हणाला.

"आहे की," केरा म्हणाली आणि नेवेनासमोर जाऊन उभी राहिली. "वर बघ पोरी. चित्राचा दोष तुझा नाही. तुझा दोष वेगळा. आम्ही सगळ्यांनी या माणसाचं बोलणं अर्ध्यावर तोडलं, ते आमच्या उर्मटपणानं. तू तोडलंस मायेनं, आणि ते जास्त वाईट, कारण मायेवर कोणी रागावत नाही. गोळी दिलीस, आत नेलंस, त्याच्या वाट्याच्या शिव्या स्वतः खाल्ल्यास. तो म्हातारा आहे, आजारी आहे, पण चुकायचा हक्क अजून त्याचा आहे. तेव्हा माझा निकाल ऐक. बॅगा आत ने. पुढचं चित्र त्यालाच करू दे, आणि बिघडलं तर त्याच्या नावानं बिघडू दे."