गवताचा बोळा

सरकारी अहवाल म्हणतो : ‘फरारी कॉर्नेलियस टिअर्नी याच्या घोड्याची घंटा बंद करण्यास त्याचा भाऊ पीटर विसरला. त्या आवाजाच्या रोखाने शिपाई तळावर पोहोचले. कोणत्याही खबऱ्याची मदत घेण्यात आली नाही.’

वाक्ये सुबक आहेत. एका भावाला गोळीने मारले. उरलेल्याची व्यवस्था या वाक्यांनी केली.

अडचण एकच. घंटा वाजली सूर्यास्ताला. शिपाई ठाण्यातून निघाले त्या दुपारी, कारण ठाणे तळापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होते. म्हणजे जी घंटा अजून वाजलीच नव्हती, तिच्या आवाजाच्या रोखाने सरकारने घोड्यांवर खोगिरे चढवली होती.

इतके तीक्ष्ण कान देवालाही नसावेत.

पुढची हकिकत मात्र खरी आहे. ती आमच्या फिडलर्स क्रीकच्या खोऱ्यात, त्या गोळीनंतर दोन वर्षांनी, जानेवारी १८६८ मध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडली. अंधाराचा आडोसा तिला मिळालेला नाही.

खोऱ्यात घंटेवाचून घोडा म्हणजे चोरीचा घोडा. म्हणून कॉर्नेलियस, म्हणजे आमचा कॉन, फरारी असूनही आपल्या घोड्याला घंटा बांधत असे. दिवस मावळताना घोडा पायबंद घालून चरायला सोडला, की घंटेत ओल्या गवताचा बोळा कोंबायचा. मग ती मुकी. कॉनच्या उजव्या हातात गोळी शिरल्यापासून हे काम पीटरकडे आले होते. तो घरून पाव आणि खारवलेले मांस घेऊन येई, बोळा बसवी आणि परत जाई.

मागे कॉनच्या सोबतीला एकच माणूस उरे.

लूक फॅलन.

त्या संध्याकाळी कॉन मेला. लूक निसटला. पुढे त्याला सरकारकडून माफीही मिळाली, आणि खोऱ्याने ते त्याचे नशीब मानले.

शिपायांनी कॉनचे प्रेत त्याच्या आईच्या, एलनच्या, दारात आणून टाकले. सोबत ती घंटा. एलनने तिचा लोलक उपटून ओढ्यात फेकला आणि मुकी घंटा खुंटीला टांगली.

त्या दिवसापासून ती पीटरशी एक शब्द बोलली नाही. ताट वाढी. बोलत नसे.

पीटर पहिल्या महिन्यात म्हणाला होता, “आई, मी बोळा घातला होता गं.” पुढे म्हणू लागला, “घातला होता... बहुतेक.” आणि मग तेही बंद झाले. सरकारवर विश्वास ठेवणारा त्या घरातला तो पहिला माणूस.

लूक मात्र अधूनमधून येई. अंगणात बसून काळा चहा ओरपी.

“पीटर पोरगा वाईट नाही हो, मावशी. डोकं तेवढं विसराळू. त्याच्यापेक्षा घोडा हुशार होता!”

एलन ऐकून घेई.

दुसऱ्या वर्षी पाऊस पडला नाही. ओढा आटला. खोऱ्यात हिरवी म्हणावी अशी काडी उरली नव्हती.

आणि लूक उठून गेल्यावर, तो बसला होता त्या बाकावर...

ओल्या, हिरव्या गवताचा बोळा.

पाणी निथळत होते. एक टोक चेंगरलेले, कुणी चघळल्यासारखे.

तिने तो चुलीत टाकला. पुढच्या खेपेला लूक गेल्यावर पुन्हा... तिथेच... तसाच.

तिसऱ्या खेपेला तिने बोळा उजेडात धरला. पीळ उलटा होता, डाव्या हाताचा.

पीटर तेव्हा लांबच्या कुंपणावर कामाला गेला होता. तो परतल्यावर एलन गोठ्याच्या दाराशी उभी राहून बघत राहिली. पीटर गवताची पेंढी बांधत होता. डाव्या हाताने. उलटा पीळ देत.

 मग कॉनच्या दुसऱ्या वर्षश्राद्धासारख्या प्रार्थनेला तिने लूकला अगत्याने बोलावणे धाडले.

प्रार्थना आटोपली. निलगिरीच्या सावलीत टेबल मांडले होते. फादर क्विन पाव मोडत होते. किरकिर करणाऱ्या किड्यांनी झाडे नुसती गजबजली होती.

एलनने घंटा आणून लूकच्या पुढ्यात ठेवली. शेजारी तो जपून ठेवलेला तिसरा बोळा. अजून ओला.

“लूक, तू शेवटपर्यंत त्याच्याजवळ होतास. तूच बसव बाबा. माझा कॉन निवांत झोपेल.”

“मावशी, हे... हिरवं गवत कुठून आणलंत?”

“तूच आणतोस की. दर खेपेला.”

कुणीतरी हसले. लूकही हसला. बोळा उचलून त्याने घंटेकडे हात नेला.

किडे थांबले.

सगळे. एकदम.

त्या शांततेत घंटा वाजली...

ठण्... ठण्... चरणाऱ्या घोड्याच्या गतीने.

फादरनी घंटा उलटी करून पाहिली. आत लोलक नव्हता. आवाज टेबलावरून येतच नव्हता.

तो लूकच्या घशातून येत होता.

लूकने तोंडावर हात दाबला. खोकला. बोटांच्या फटींतून हिरवे पाते बाहेर आले. मग झुबकेच. ओले, पिळलेले... उलट्या पिळाचे. तो ओढत होता आणि ते संपत नव्हते.

पीटर धावला.

“पीटर,” एलन म्हणाली. दोन वर्षांतला तिचा त्याच्याशी पहिला शब्द. “खाली बस.”

पीटर बसला.

शेवटचा झुबका बाहेर पडला तेव्हा घंटा थांबली. लूकला क्षणभर श्वास मिळाला. तेवढ्यात तो जे बोलला ते सगळ्यांनी ऐकले. मग त्याने मान टाकली, आणि किडे पुन्हा ओरडू लागले.

पंचनाम्यात ‘उष्माघात’ लिहिले आहे. तोंडात काही आढळले नाही, असेही. टेबलाभोवती पसरलेल्या त्या गवताकडे पंचनामा करणाऱ्याने पाहिलेच नाही. आमच्या मेंढ्यांनी पाहिले. भुकेने हाडे निघालेल्या मेंढ्या. एकीनेही तोंड लावले नाही.

आजही भर दुपारी किडे अचानक थांबले, की आमच्या खोऱ्यातली माणसे घास तोंडाशी नेत नाहीत. का, ते कुणी सांगत नाही. मीही तोंडातला घास चावायचा थांबतो.

लूकचे शब्द कोणत्याही सरकारी कागदावर नाहीत. ते हे, जसेच्या तसे :

“पीटर विसरला नव्हता. त्यानं बोळा इतका घट्ट बसवला होता की बोटांनी निघेना. मी दातांनी ओढून काढला.”