सतराव्या मजल्यावरचा झरोका

या, जरा पुढे सरकून बसा. आज अभंगाचं निरूपण नाही, एक घडलेली गोष्ट सांगतो. विठ्ठलाची आण, पदरचं तिखटमीठ काही नाही. ज्याच्यावर गुदरली, तो चारुदत्त आमच्या कीर्तनात माझ्या शेजारी उभा राहून टाळ धरायचा.

आता धरत नाही.

जागा यवतमाळ, आर्णी रोड. वेळ रात्रीची नव्हे हो... भर दुपारची. गेल्या वर्षी मे महिन्याची एकोणीस तारीख, दीडचा सुमार.

त्या रस्त्याला बावीस मजली इमारत आहे. नाव सांगत नाही, आत अजून माणसं राहतात. तिचा नकाशा चारुदत्तचाच. मधोमध तळापासून गच्चीपर्यंत एक पोकळी, हवेची विहीरच म्हणा. प्रत्येक घराचा एक झरोका तिच्यात उघडतो. गरम हवा वरून निघून जाते, खालून गार हवा येते. मे महिन्यातही एसी नको! न्हाणीचं पाणी गाळून मजल्यामजल्यावरच्या बागांना. लोक लांबून बघायला यायचे.

खोट एकच. खाली कुणी मिरचीची फोडणी दिली की ठसका वरपर्यंत.

एकेकानं झरोक्यावर प्लास्टिक लावलं, चिकटपट्टीनं डकवलं. मग घरोघर कूलर आले. चारुदत्तची आई शोभाताई सतराव्या मजल्यावर एकट्या राहायच्या. त्यांना खोकला, म्हणून त्यांचा झरोका चारुदत्तनं स्वतःच्या हातानं बंद केला.

बागांना पाणी घालायला भुरीबाई यायची, जवळच्या तांड्यावरची. रोज दुपारी गच्चीवर जाऊन ती पोकळीचं झाकण उघडायची. एकादशीला तळमजल्यावर आमचं कीर्तन असायचं, ते ती गच्चीवर बसून ऐकायची. टाळांचा नाद तिथवर चढायचा. शोभाताईंना ती याडी म्हणायची. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

एप्रिलमध्ये एका दुपारी झाकण उघडताना तिला ऊन लागलं. ती तिथंच पडली. उठवेना, म्हणून पोकळीत तोंड घालून हाका मारत राहिली असावी.

बावीस मजले, आणि एकाही घराचा झरोका उघडा नाही.

संध्याकाळी तिचा भाऊ, गेटवरचा चौकीदार हिरासिंग, वर गेला. तोवर सगळं संपलं होतं.

तर एकोणीस मे. सकाळपासून वीज नाही. कूलर बंद, लिफ्ट बंद. आई फोन उचलेना, म्हणून चारुदत्त धावत आला. हिरासिंग खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

"साहेब, बिल्डिंग श्वास घेते म्हणत होते ना तुमी? मंग आज तिचं नाक कोनं दाबलं?"

चारुदत्त जिना चढू लागला.

पाचवा मजला... भिंती तापलेल्या. आठवा... शर्ट अंगाला चिकटलेला.

नवव्यावर त्याला आवाज आला.

ठक... ठक... ठक...

भिंतीपलीकडून. पोकळीतून.

तो थांबला. आवाजही थांबला.

तो चढला... आवाज एक मजला पुढे.

बाराव्यावर शब्द ऐकू आले. हळू, दमलेले.

"झरोका उघडा वो बाई..."

हा गळा त्याच्या ओळखीचा होता. तोंडानं रामनाम सुरू झालं. पण वर आई होती. तो चढत राहिला.

सोळावा... ठक. ठक.

सतरावा...

काहीच नाही. चिडीचूप.

त्यानं किल्लीनं दार उघडलं. आणि तोंडावर गार वारा आला.

शोभाताई झरोक्याखाली फरशीवर पडल्या होत्या. घामानं चिंब, पण श्वास चालू. वर प्लास्टिक लोंबत होतं. ते खोलीच्या बाजूला फुगून फाटलं होतं... पोकळीकडून कुणी ढकलावं तसं.

तिकडे उभं राहायला टीचभर जागा नाही. खाली सतरा मजले.

चारुदत्तनं पाणी पाजलं. शोभाताईंनी डोळे उघडले.

"भुरी येऊन गेली रे, चारू."

"आई, तू बोलू नकोस."

"'मोकळा श्वास घे, याडी,' म्हणाली. मग तुझ्याबद्दल विचारलं."

"माझ्याबद्दल?"

"म्हणाली... 'त्या दिवशी मी हाका मारून राह्यली होती, तं तुह्या लेकानं पट्टी अजून घट्ट काहून दाबली?'"

ग्लास त्याच्या हातातून पडला.

कारण ते खरं होतं. एप्रिलच्या त्या दुपारी तो आईकडेच होता. झरोक्यामागून बारीक आवाज येत होता. कुणाचा तरी टीव्ही असेल, आईची झोप मोडेल, म्हणून त्यानं अंगठ्यानं पट्टी दाबली होती. आई झोपलेली. खोलीत तिसरं कुणी नाही. त्यानं हे तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

शोभाताई आज बऱ्या आहेत. इमारतीतले सगळे झरोके आता उघडे असतात, घरं गार असतात. पण रोज दुपारी दीडला शोभाताई झरोक्याशी बसून कुणाशी तरी हळू बोलतात. चारुदत्त त्या वेळी तिथं थांबत नाही. भुरी अजून उत्तर मागतेय, म्हणतो.

हे कसं घडलं, मला विचारू नका. मला कळलं असतं तर मी नीट झोपलो असतो.

एक मात्र करा, माउली. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा भुरीबाईचं नाव घ्या. तिची हाक आपण कुणीच ऐकली नाही... निदान तिची आठवण तरी ठेवा.