डाव्या हाताचा दिवा

येलहंक्याचं घर महिनाअखेरीस रिकामं करायचं होतं आणि आई निघायला तयार नव्हती.

घर भाड्याचं. रेल्वे जंक्शनपासून चालत सात मिनिटांवर, तळमजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. विमानदलाच्या तळावरून विमान उडालं की मांडणीतले पेले किणकिणायचे, आणि आम्ही तेवढा वेळ बोलणं थांबवून पुढचं वाक्य नंतर पुरं करायचो. कॉलेजात गेल्यावर मला कळलं, की सगळीच माणसं बोलताना अशी मध्येच थांबत नाहीत.

वरच्या मजल्यावर घरमालक नागराजअण्णा राहायचे. त्यांना जुनं घर पाडून चार मजले चढवायचे होते. दोनदा त्यांनी आम्हाला मुदत वाढवून दिली. तिसऱ्यांदा आले तेव्हा आत न येता दारातच उभे राहिले.

"सुनंदाअक्का, एक तारखेला जेसीबी येतंय. मी तरी काय करू, सांगा."

"तुम्ही पाडा की अण्णा," आई म्हणाली. "मी कुठं नको म्हणतेय? मी आत बसते गप."

अण्णा हसले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसायचे थांबले.

माझे वडील, अप्पा, वायरमन होते. तरुणपणी निपाणीहून इथं आले. देवनहळ्ळीकडची शेतं जाऊन तिथं लेआउट पडायला लागले, तेव्हा त्यांतल्या कितीतरी घरांचं वायरिंग त्यांनी केलं. त्यांची एक सवय होती. काम संपलं की घरमालक राहायला येईपर्यंत ते बाहेर दाराच्या डाव्या हाताला एक बल्ब जळत ठेवायचे. माणूस यायच्या आधी घरात उजेड पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. डाव्याच हाताला का, असं विचारलं तर म्हणायचे, "उजव्या हातात किल्ली असते. त्या हाताची सावली कुलपावर पडता कामा नये." तीन वर्षांपूर्वी ते गेले.

आईच्या मते गेले नव्हते. रोज चार वाजता ती दोन कप चहा करायची. माझा थोरला भाऊ मल्हार, त्याचा सर्जापूर रोडला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट आहे, दर शनिवारी येऊन तिची समजूत घालायचा.

"आई, अप्पा आता नाहीत."

"तुला नाहीत," ती म्हणायची. "ह्यांना इथं एकटं टाकून मी कशी येऊ? त्यांना तिकडचा पत्ता तरी माहीत आहे का?"

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. मोजमापाची यंत्रं बरोबर मोजतात की नाही, हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. आईशी मी वाद घातला नाही. पुस्तकं खोक्यांत भरायला घेतली. एक तारखेला आठ दिवस उरले होते आणि तिनं एका वाटीलाही हात लावू दिला नव्हता.

त्या रविवारी दुपारी जुन्या कॉम्प्युटरवरचे फोटो उतरवून घ्यायला बसले आणि तो खेळ सापडला.

चौकोनी ठोकळ्यांचं जग. त्यात खणायचं, झाडं तोडायची, घरं बांधायची. राहण्याजोगं घर बांधलं की कुठूनतरी एक गावकरी चालत येतो आणि राहायला लागतो: लोहार, वैदू, माळीण. त्यांना कॉम्प्युटर चालवतो. घर राहण्याजोगं केव्हा, याचे नियम कडक. सगळीकडून भिंती, एक दार, एक टेबल, एक खुर्ची, एक दिवा. यातलं एक जरी कमी पडलं तरी कोणी येत नाही. एका घरात एकच रहिवासी. आणि नवा माणूस यायचा तो खेळातल्या सकाळीच.

शाळेत असताना रविवारी दुपारी आम्ही तिघं हा खेळ खेळायचो. दादा खणायचा, मी ठोकळे मोजायचे आणि अप्पा फक्त घरं बांधायचे. आठवडाभर लोकांची घरं करून आलेला माणूस सुट्टीच्या दिवशी पुन्हा तेच करायचा. माउस ते टेस्टर धरल्यासारखा धरायचे. मी बांधलेल्या घरात दिवा छताच्या मधोमध असायचा. त्यांच्या घरांत दाराच्या डाव्या हाताला, जमिनीपासून तिसऱ्या ठोकळ्यावर. आणि खुर्च्या दोन.

"अप्पा, नियमात एकच खुर्ची आहे," मी म्हणायचे.

"आणि कुणी आलं तर? उभं ठेवायचं?"

"अप्पा, त्या लोहाराला शॉक बसेल हां," दादा चिडवायचा.

"माझ्या वायरिंगला? तुझ्या लोहाराला म्हणावं, ओल्या हातानं बटण दाब आणि बघ."

गाव उघडलं. लोहार भात्याशी उभा होता, माळीण फिरत होती. बारा वर्षांपूर्वीचं तेच संगीत वाजत होतं आणि माझ्या नाकाला उगाच भाजलेल्या शेंगांचा वास आला. आम्ही खेळताना शेंगा खायचो आणि टरफलं की-बोर्डमध्ये अडकायची.

मग मी पाहिलं, की गाव शेवटचं जतन झालं ती तारीख बारा वर्षांपूर्वीची नव्हती. तीन वर्षांपूर्वीची होती. अप्पांना दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवसाची. आम्ही दोघांनी सोडल्यावरही ते एकटेच खेळत राहिले होते.

गावाच्या टोकाला मी कधी न पाहिलेलं घर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, निळं दार. आमचंच. दिवा डाव्या हाताला, तिसऱ्या ठोकळ्यावर. टेबलाशी दोन खुर्च्या.

या खेळात प्रत्येक घरावर एक निशाण असतं आणि निशाणावर रहिवाशाचा चेहरा. या घरावर निशाण होतं, चेहरा नव्हता. नावाची जागा कोरी. मी घर तपासायचं बटण दाबलं. खेळानं सांगितलं: या घरात कोणीतरी राहतं.

बिघाड, असं मी वहीत लिहिलं. जुन्या फायलींत असं होतं. खात्री करण्याचा उपाय सोपा होता. दिवा काढला की घर राहण्याजोगं उरत नाही आणि निशाण पडतं. मी दिवा काढला.

"सिद्धी," आई आतून म्हणाली, "लाइट गेली काय गं?"

माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता. बाहेर दुपारचं स्वच्छ ऊन होतं.

"नाही आई."

"मग एवढा अंधार कसा झाला?"

मी दिवा परत लावला. निशाण पडलेलं नव्हतं.

"हां. आली," आई म्हणाली.

एकदा केलेला प्रयोग धरत नाहीत. पंधरा मिनिटांनी मी पुन्हा दिवा काढला, पाच मोजले, लावला.

"जात-येत आहे बघ नुसती. अण्णांना सांग," आई म्हणाली.

तिसऱ्यांदा मी केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. जे केलं त्याचं समर्थन मला करता येणार नाही, पण क्रम सांगते. या खेळात रहिवाशाला एका घरातून दुसऱ्या घरात हलवता येतं. निशाण उचलायचं आणि नव्या घरात ठेवायचं. त्या घराच्या शेजारी मी एक उंच खांब बांधला. खांबाच्या टोकाला दादाचा फ्लॅट, मोजून: हॉल, बाल्कनी, निळ्याऐवजी तपकिरी दार. टेबल, दोन खुर्च्या, दिवा. तपासलं. खेळ म्हणाला, घर योग्य आहे. मी निशाण उचलून वर ठेवलं.

ते परत खाली गेलं.

पुन्हा ठेवलं. पुन्हा गेलं. सगळे नियम पाळले होते. भिंतीत एकही भोक नव्हतं.

चार वाजले. आई दोन कप घेऊन आली. एक टेबलावर ठेवला आणि स्क्रीनकडे बघत उभी राहिली. तिनं हा खेळ कधी खेळलेला नाही. तिला माउससुद्धा धरता येत नाही.

"हे मल्हारचं घर ना?"

"हो."

"दिवा मधोमध का लावलास? त्यांना नाही चालत तसा."

मी दिवा काढून दाराच्या डाव्या हाताला लावला. तिसऱ्या ठोकळ्यावर. निशाण उचलून वर ठेवलं.

ते तिथंच राहिलं.

खालचं घर तपासलं. खेळ म्हणाला, घर रिकामं आहे.

आईनं खोलीभर नजर फिरवली. पाहुणे गेल्यावर काही विसरून गेले का बघतात, तशी. मग पदर खोचला.

"मल्हारला फोन कर. टेम्पो कधी आणतोय विचार. आणि ती मांडणी नीट बांधायला सांग, तिचा एक पाय हलतोय."

नागराजअण्णांनी जाताना आईला नारळ दिला. ते रडले, ती रडली नाही.

सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये ती रुळेल की नाही, याची आम्हाला धास्ती होती. ती आठवड्यात रुळली. लिफ्टमधल्या बायकांशी कन्नडमध्ये बोलायला लागली, बाल्कनीत पुदिना लावला. चहा मात्र दोनच कप. दादा तिला काही म्हणायचा नाही. एकदा एवढंच म्हणाला, "तो दुसरा कप संध्याकाळपर्यंत रिकामा कसा होतो गं?" मी म्हटलं, आईच पीत असेल. मला तसं खरंच वाटत होतं.

मीही इथंच राहते. जुना कॉम्प्युटर माझ्या खोलीत आहे. महिन्याभरानं, एका रविवारी, मी गाव उघडून बसले होते. आई येऊन पलंगावर टेकली.

"हे दिसत नाहीत कुठं," ती म्हणाली.

"नाही दिसत."

"बरे आहेत ना पण?"

"घर योग्य आहे म्हणतंय."

तिनं स्क्रीनवरच्या घराकडे बोट केलं. "एका घरात एकच माणूस म्हणालीस ना?"

"हो."

"मग शेजारी माझंही एक बांधून ठेव. घाई नाही."

मी हसले. ती हसली नव्हती.

मी नाही म्हणू शकले असते. पण ती तिथंच बसून होती, म्हणून बांधलं. भिंती, दार, टेबल, दोन खुर्च्या. तिला हवी तशी खिडकी. दिवा तेवढा लावला नाही. दिवा नसला की घर योग्य नसतं, आणि घर योग्य नसलं की कोणी येत नाही. नियम स्पष्ट आहे. आईनं दिव्याचं विचारलं नाही. मी गाव जतन केलं आणि कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघायच्या आधी सहज उघडून पाहिलं.

नव्या घरात दिवा होता.

दाराच्या डाव्या हाताला. तिसऱ्या ठोकळ्यावर.

खेळ बंद असताना त्यातला काळ थांबलेला असतो. मी दिवा काढला, जतन केलं, पासवर्ड बदलला. दादाला विचारलं. त्यानं बारा वर्षांत तो खेळ उघडला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दिवा परत होता. मी काढला.

हे आता एकवीस दिवस चाललं आहे. रोज सकाळी, खेळातली सकाळ व्हायच्या आत, मी दिवा काढते. कॉम्प्युटर उघडलाच नाही तर काय होईल, हा प्रयोग करायची माझी तयारी नाही. याबद्दल मी कोणाशी बोललेले नाही. खोलीचं दार लावून घेते.

आज रविवार. आई हॉलमध्ये अवरेकाळूच्या, म्हणजे इकडच्या पावट्याच्या, शेंगा सोलत बसली होती. मी दिवा काढून बाहेर आले आणि तिच्यासमोर बसून शेंगा घेतल्या. आम्ही बराच वेळ सोलत होतो. वरून एक विमान गेलं. तिनं सवयीनं बोलणं थांबवावं तसे हात थांबवले. आवाज गेल्यावर मान वर न करता म्हणाली,

"सिद्धी, तो दिवा आता राहू दे गं. रोज तू काढतेस आणि रोज त्यांना स्टुलावर चढावं लागतं. गुडघे कुठं चांगले आहेत त्यांचे."